काळपट पडलेला थेंब

तुमच्यापैकी बऱ्याच जणी मला ओळखतात. पंधरवड्याला गटाच्या बैठकीला येणारी, वही तपासणारी, "हप्ता का राहिला?" म्हणून विचारणारी ती मीच. पण आज मी हप्त्याविषयी बोलायला आलेले नाही. आज रक्ताविषयी बोलायचं आहे, आणि त्याच्याबरोबर माझी एक चूक सांगायची आहे. ही चूक मी बैठकीत कबूल केली, तेव्हा आमच्या गटातल्या बाया म्हणाल्या, "हे रेडिओवर सांग, म्हणजे दुसऱ्या गावात होणार नाही." म्हणून आले.

मागच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या गटातल्या एका मावशींची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. पोरगी छान, वजन चांगलं. पण लेकीला ताप आला, दूध कमी झालं असं तिला वाटलं, आणि बाळ दीड महिन्याचं असताना वरचं दूध सुरू झालं. पावडरचं दूध, बाटलीतून. मावशी मोठ्या काळजीच्या. बाळासाठी पाणी वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या चुलीवर. सकाळी पातेलं चढवायच्या आणि पाणी अर्धं होईपर्यंत उतरवायच्या नाहीत. कुणी हटकलं तर म्हणायच्या, "लेकराच्या पोटात जंतू जायला नको."

पंधरा-वीस दिवसांनी बाळाचे ओठ राखाडी दिसायला लागले. मग नखं. मग हातपाय. बाळ रडायचं कमी, झोपायचं जास्त. कुणी म्हणालं थंडी बाधली, कुणी म्हणालं दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या. तिसऱ्या दिवशी आशाताईंनी बाळाला पाहिलं आणि क्षणभर न थांबता १०८ ला फोन लावला.

दवाखान्यात बाळाला ऑक्सिजन लावला. रंग बदलेना. छाती तपासली, हृदय तपासलं, ठोके ठीक होते. तिथल्या डॉक्टर बाईंनी बाळाच्या टाचेतून एक थेंब रक्त काढलं आणि पांढऱ्या कागदावर ठेवलं. त्याच्या शेजारी स्वतःच्या बोटाचा एक थेंब ठेवला. आम्ही बघत उभ्या होतो. त्यांचा थेंब कुंकवासारखा लाल. बाळाचा थेंब चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी. त्यांनी कागद हवेत हलवला, थोडा वेळ थांबल्या. बाळाचा थेंब तसाच राहिला. डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "बाळाला पाणी कुठलं देता?"

मैत्रिणींनो, रक्ताचा आणि पाण्याचा काय संबंध, ते आता नीट समजून घेऊ.

आपल्या गटात दर काही महिन्यांनी हिमोग्लोबिन तपासतात. कुणाचं नऊ येतं, कुणाचं साडेआठ. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या रक्तात ते कमी आहे, म्हणून लोहाच्या गोळ्या मिळतात. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातल्या लाल पेशींमधला हमाल. फुप्फुसातून ऑक्सिजन उचलायचा आणि अंगभर पोचवायचा, हे त्याचं काम. एका लाल पेशीत असे सुमारे २७ कोटी हमाल असतात. प्रत्येकाजवळ लोहाचे ४ अणू असतात आणि प्रत्येक लोह ऑक्सिजनचा एकेक कण धरतं. म्हणजे एका हमालाच्या डोक्यावर चार पाट्या.

आता लोह म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? विळी आठवते. भाजी चिरून विळी ओलीच ठेवली की दुसऱ्या दिवशी तांबेरा. लोह, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो. मग मला सांगा, रक्तात लोह आहे, पाणी आहे, आणि हवेतला ऑक्सिजन तर रात्रंदिवस येतोजातो. तरी आपलं रक्त का गंजत नाही?

खरं उत्तर असं की ते रोज थोडं थोडं गंजतं, आणि शरीर ते रोज साफ करतं. हे कसं चालतं ते सांगायला मी आपल्या गटाचंच उदाहरण घेते.

गटात अंतर्गत कर्ज कसं देतो? गटाची रक्कम बाईच्या हातात जाते, तिचं काम होतं, आणि रक्कम परत येते. रक्तातही तसंच आहे. लोहाजवळ एक बारीकसा विजेचा कण असतो, त्याला इलेक्ट्रॉन म्हणतात. ऑक्सिजनला धरून ठेवताना लोह आपला हा कण त्याला जणू उसना देतं. ऑक्सिजन जागेवर पोचला, सुटला, की जाताना तो कण परत करून जातो. लोह पुन्हा मोकळं, पुढची पाटी उचलायला तयार.

पण शंभरात एखादी बाई उसनं घेऊन गाव सोडते की नाही? तसा एखादा ऑक्सिजन उसना कण घेऊनच पळतो. मग दोन गोष्टी बिघडतात.

पहिली, ज्या लोहाचा कण गेला ते लोह बदलतं. त्याला आता ऑक्सिजन धरताच येत नाही. अशा हिमोग्लोबिनला मेथेमोग्लोबिन म्हणतात. त्याचा रंग लाल नसतो, तपकिरी असतो. इतकंच नाही, एका हमालाच्या चारपैकी एखादं लोह असं बिघडलं की बाकीची तीन लोहं आपला ऑक्सिजन जास्त घट्ट धरून बसतात, सोडायलाच तयार होत नाहीत. एकीनं कर्ज बुडवलं की बाकीच्या बायाही हात आखडता घेतात ना, तसं.

दुसरी, पळून गेलेला ऑक्सिजन. इलेक्ट्रॉनांना जोडीनं राहायची सवय असते. या ऑक्सिजनजवळ एक कण बिनजोडीचा असतो, म्हणून तो स्वस्थ बसत नाही. दिसेल त्याच्याशी झोंबतो. पेशीच्या कडेची चरबी, आतली प्रथिनं, सगळ्यांना त्रास देतो. अशा बिनजोडीच्या कणाला फ्री रॅडिकल म्हणतात. मराठी पुस्तकांत मुक्त मूलक असा शब्द आहे. जाहिरातीत तुम्ही हे नाव ऐकलं असेल. ते काही बाहेरून आलेलं भूत नाही. आपण श्वास घेतो, आपलं रक्त काम करतं, त्यातच ते तयार होतं.

धडधाकट माणसाच्या रक्तात दिवसाला शंभरातली साधारण एक ते तीन हिमोग्लोबिनं अशी आपोआप बिघडतात. कुणी वसुलीच केली नाही, तर महिन्या-दोन महिन्यांत सगळा गट बुडेल. पण वसुली होते. लाल पेशीत एक प्रथिन आहे, त्याचं काम एवढंच की बिघडलेल्या लोहाला त्याचा गेलेला कण पुन्हा मिळवून द्यायचा. आपण खातो त्या अन्नाच्या साखरेतून येणारा कण वापरून ते हे काम करतं. म्हणून कुठल्याही वेळी तपासलं तरी चांगल्या माणसाच्या रक्तात बिघडलेलं हिमोग्लोबिन शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमीच मिळतं.

पळालेल्या फ्री रॅडिकलला पकडायलाही माणसं नेमलेली आहेत. १९६९ साली अमेरिकेत जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच या दोघांनी गाईच्या रक्तातून असं एक प्रथिन शोधून काढलं. ते फ्री रॅडिकलचं रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करतं. मग दुसरं प्रथिन त्याचं साधं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. हे दुसरं तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पोराचा गुडघा फुटला की दवाखान्यात जखमेवर औषध ओततात आणि फसफसून पांढरा फेस येतो. ते औषध म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि फेस आणणारं आपल्या रक्तातलं हेच प्रथिन.

आता बाळाकडे येऊ. तान्ह्या बाळाच्या रक्तात वसुली करणारं ते प्रथिन मोठ्या माणसाच्या जवळजवळ निम्म्यानंच काम करतं. चार-सहा महिने झाले की ते भरून येतं. म्हणजे बाळाचा गट नवा आहे, शिल्लक कमी आहे. अशा वेळी बाहेरून एखादी लुटणारी गोष्ट आली, तर मोठं माणूस तगून जाईल, बाळ तगणार नाही.

ती लुटणारी गोष्ट विहिरीच्या पाण्यात होती. तिचं नाव नायट्रेट.

शेतात आपण युरिया टाकतो. पीक घेतं तेवढं घेतं, उरलेलं पावसाबरोबर जमिनीत मुरतं. गोठ्यातलं मूत, उकिरड्याचा निचरा, संडासाचा शोषखड्डा, सगळ्यांतून नायट्रेट तयार होतं आणि खालच्या पाण्याला मिळतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं. मोठ्या माणसाच्या पोटातून ते बरंचसं लघवीवाटे निघून जातं. पण तान्ह्या बाळाच्या जठरात आम्ल कमी असतं, त्यामुळे तिथे काही जंतू वाढतात आणि ते नायट्रेटचं नायट्राइट करतात. हे नायट्राइट रक्तात शिरलं की लोहाचे इलेक्ट्रॉन भराभर हिरावले जातात. त्या ओघात आणखी फ्री रॅडिकल तयार होतात, ते आणखी लोह बिघडवतात, आणि गाडी उतारावर लागल्यासारखा वेग येतो. बाळाला जुलाब लागले असतील तर धोका आणखी वाढतो.

शंभरातली दहा-पंधरा हिमोग्लोबिनं बिघडली की ओठ, नखं निळसर राखाडी दिसतात. वीसच्या पुढे गेलं की दम लागतो, बाळ मलूल होतं. सत्तरच्या पुढे माणूस सहसा वाचत नाही.

हे पहिल्यांदा नीट कुणी ओळखलं, तर अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या हंटर कॉमली या डॉक्टरांनी. आयोवा म्हणजे मक्याच्या शेतीचा मुलूख, घरोघरी विहिरी. १९४५ साली त्यांनी दोन तान्ह्या बाळांची हकिगत छापली. दोन्ही बाळं निळी पडलेली, दोघांचंही दूध शेतातल्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं. त्या पाण्यात नायट्रेट भरपूर निघालं. पाणी बदललं की बाळं सुधारायची. त्यानंतर ठिकठिकाणच्या डॉक्टरांना आपल्याकडचीही अशी बाळं ओळखू यायला लागली, आणि पिण्याच्या पाण्यात किती नायट्रेट चालेल याच्या मर्यादा ठरल्या. आपल्या देशात ही मर्यादा एका लिटरमध्ये ४५ मिलिग्रॅम आहे.

हे दूर आयोवातलं आहे असं समजू नका. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या पाण्याच्या नमुन्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं. ज्या जिल्ह्यांत ते फार जास्त ठिकाणी आढळलं, त्यांत आपल्या महाराष्ट्रातले वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ हे जिल्हे आहेत. हा कापूस-सोयाबीनचा, विहिरी-बोअरचा आपलाच मुलूख.

आता माझी चूक सांगते.

डॉक्टर बाईंनी पाण्याचं विचारलं तेव्हा मावशी पटकन म्हणाल्या, "उकळलेलं देतो डॉक्टरीण बाई, चांगलं अर्धं आटवतो." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाणी चांगलं उकळून घेत जा म्हणून तूच तं सांगतलं होतं ना, बाई?"

हो. मीच सांगितलं होतं. पावसाळ्याआधीच्या बैठकीत उभं राहून सांगितलं होतं, "जितकं जास्त उकळाल तितकं चांगलं." मला प्रशिक्षणात जुलाबाविषयी शिकवलं होतं, तेवढंच मला माहीत होतं. "जितकं जास्त" हे शब्द मात्र माझे होते, ते मला कुणी शिकवले नव्हते.

डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कागद घेतला आणि आम्हाला हिशोब करून दाखवला. तोच तुम्हाला सांगते. समजा एक लिटर पाण्यात ४० मिलिग्रॅम नायट्रेट आहे. म्हणजे मर्यादेच्या आत आहे, चालेल. आता ते पाणी उकळून अर्धा लिटर केलं. वाफ झाली ती पाण्याची. नायट्रेट उडून जात नाही, ते सगळंच्या सगळं पातेल्यातच राहतं. मीठ घातलेलं वरण आटवलं की खारट होतं, तसं. आता अर्ध्या लिटरमध्ये ४० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला ८० चा हिशोब झाला. मर्यादेत असलेलं पाणी आपण आपल्या हातानं मर्यादेबाहेर नेलं. आणि आमच्या विहिरीचं पाणी तर मुळातच मर्यादेबाहेर होतं, हे नंतर कळलं.

म्हणून नीट ऐका. उकळण्यानं जंतू मरतात. जुलाब, कावीळ, टायफॉइड टाळायला उकळणं चांगलंच आहे, ते सोडू नका. पण पाण्याला खदखदून उकळी आली की झालं. झाकण ठेवा, उतरवा, गार करा. आटवत बसू नका. आणि हे लक्षात ठेवा की उकळणं, तुरटी फिरवणं, फडक्यानं गाळणं, टीसीएल पावडर टाकणं, यांपैकी कशानंही नायट्रेट जात नाही. आरओच्या यंत्रानं ते बरंच कमी होतं. नुसत्या यूव्ही दिव्याच्या फिल्टरनं होत नाही.

बाळाचं पुढे काय झालं? त्याच रात्री त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे शिरेतून हळूहळू एक गडद निळं औषध दिलं, मिथिलीन ब्लू नावाचं. हे औषध बिघडलेल्या लोहाला त्याचा गेलेला कण परत मिळवून देतं. निळ्या पडलेल्या लेकराला निळं औषध, आम्हाला नवलच वाटलं. तासाभरात ओठ गुलाबी झाले. बाळ रडलं आणि मावशी तिथेच खाली बसल्या. एक सांगते, हे औषध म्हणजे कपड्यांची नीळ नव्हे, कुणी घरी प्रयोग करू नका. ते फक्त दवाखान्यात, डॉक्टरांच्या हातून घ्यायचं असतं. काही लोकांना ते चालतही नाही, त्याचं कारण पुढे सांगते.

घरी आल्यावर मी दोन रात्री झोपले नाही. तिसऱ्या दिवशी बैठक बोलावली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, बाया म्हणतील की हिचं आता ऐकायचं नाही. पण मावशीच म्हणाल्या, "झालं ते झालं. आता पाणी तपासा."

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिकवायचं ठरलेलं आहे, आणि त्यासाठी तपासणीची पेटी मिळते. आमच्या ग्रामपंचायतीत ती पेटी होती, पण कपाटात. जलसुरक्षकाला बरोबर घेऊन आम्ही ती उघडली, औषधांची मुदत संपली नाही ना ते बघितलं. गोठ्याशेजारच्या त्या विहिरीचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, औषध टाकलं. रंग चढत चढत तक्त्यावरच्या शेवटच्या गडद चौकोनाला जाऊन भिडला. नंतर नमुना प्रयोगशाळेत पाठवला, तिथूनही तेच आलं. त्याच दिवशी नळयोजनेच्या पाण्याची नळी आणि शाळेजवळच्या बोअरची नळी शेजारी ठेवली. नळाचं पाणी मर्यादेच्या आत निघालं. मावशींच्या घरापासून नळ दोनशे पावलांवर होता. पण विहीर दारातच, आणि विहिरीच्या पाण्यानं डाळ चांगली शिजते म्हणून त्या तेच वापरत होत्या.

आम्ही काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हालाही करता येईल. गावातल्या प्रत्येक पाण्याच्या जागेची पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासणी करायची, असं गटानं ठरवलं. ज्या विहिरीत नायट्रेट जास्त, तिच्यावर लाल रंगानं लिहिलं, "बाळाला नको." विहिरीजवळचा उकिरडा हलवला. हे लिहायला एक ओळ लागते, पण करायला दोन महिने आणि तीन भांडणं लागली. युरिया एकदम न टाकता पिकाच्या वेळेनुसार विभागून टाकायचा, हे घरातल्या पुरुषांना कृषी सहायकांकडून सांगवलं. आपण सांगितलं असतं तर ऐकलं नसतं, तुम्हाला माहीतच आहे.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. वरचं पाणी नाही, घुटी नाही, मध नाही. आई नायट्रेटचं पाणी प्याली तरी तिच्या दुधात ते फारसं उतरत नाही. आईचं शरीर मधे गाळणीसारखं उभं असतं. ताप आला म्हणून पाजणं थांबवू नका, आशाताईंना किंवा नर्सताईंना विचारा. वारंवार पाजलं की दूध वाढतं. मावशींच्या लेकीलाही नंतर आलं. काही कारणानं वरचं दूध द्यावंच लागलं, तर तपासलेल्या पाण्यात द्या, दर वेळी ताजं कालवा.

आणखी दोन-तीन गोष्टी, कारण रक्त बिघडवणारं फक्त पाणीच नसतं.

बाळाचे कपडे, दुपटी आपण पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवतो. मैत्रिणींनो, बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी नको. काही माणसांच्या लाल पेशीत जी-सिक्स-पीडी नावाचं एक प्रथिन जन्मतःच कमी असतं. ते फ्री रॅडिकलपासून पेशीला वाचवतं. हा दोष आईकडून मुलाकडे येतो, मुलग्यांत जास्त दिसतो, आणि एरवी काहीच त्रास नसतो. पण अशा बाळाच्या अंगात डांबरगोळीचा अंश गेला, की लाल पेशी फुटतात, बाळ पिवळं पडतं, लघवी चहासारखी होते. हिवतापावरची प्रायमाक्विन गोळीही अशा माणसाला चालत नाही, आणि मघाशी सांगितलेलं निळं औषधही चालत नाही. घरात कुणाला औषधानं अशी काळी लघवी झाली असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, कपडे वापरण्याआधी धुऊन कडक उन्हात वाळवा.

बाळ सहा महिन्यांचं झालं, वरचं अन्न सुरू झालं, की पालक, बीट द्या, पण शिजवून लगेच द्या. सकाळची पालेभाजी रात्री किंवा रात्रीची सकाळी तान्ह्याला नको. पालेभाजीतही नायट्रेट असतं आणि शिळी राहिली की त्याचं नायट्राइट होतं.

तिसरी गोष्ट पावडरीच्या डब्याची. गेल्या महिन्यात आमच्या एका गटात एक बाई आल्या. "या पावडरीनं रक्तातले सगळे फ्री रॅडिकल निघून जातात," म्हणाल्या. डब्याची किंमत ऐकून मी वहीच मिटली. तिघी जणी त्यासाठी अंतर्गत कर्ज मागत होत्या. मी त्यांना एवढंच सांगितलं की फ्री रॅडिकल पकडणारी फौज प्रत्येकीच्या रक्तात आधीच आहे, तिला रसद लागते ती जेवणातून. आवळा, पेरू, लिंबू, शेवग्याचा पाला, मोडाची मटकी, भुईमूग, जमेल तेव्हा अंडं, दूध. आणि मिश्री, तंबाखू, चुलीचा धूर यांनी त्या फौजेचं काम वाढतं, ते कमी करा. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाची गोळी जेवणानंतर, चहाबरोबर नाही. एवढ्यानं होतं ते कर्ज काढून करू नका.

आता शेवटी पुन्हा एकदा, लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून. बाळाचे ओठ, जीभ किंवा नखं निळसर-राखाडी दिसली, तर उतारे-पातारे करत थांबू नका. कारण न्यूमोनिया असू शकतं, हृदयाचं असू शकतं, पाण्याचं असू शकतं. ते ओळखणं डॉक्टरांचं काम, वेळेत पोचवणं आपलं काम. १०८ ला फोन करा. आणि डॉक्टरांना न विचारता सांगा की बाळ आईचं दूध पितं की बाटलीचं, पाणी कुठल्या विहिरीचं, आणि घरात कुठलं औषध किंवा डांबरगोळी आहे का.

मावशींची नात आता वर्षाची होईल. परवा बैठकीला मावशी तिला घेऊन आल्या होत्या. पोरगी सगळ्यांच्या वह्या ओढत होती. मी बोलायला उभी राहिले आणि म्हणाले, "आज मी पाण्याविषयी सांगणार आहे." मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "सांग. पण बाई, पहिले तपासून सांग."

तेवढं मी आता करते. तुम्हीही करा. तुमच्या ग्रामपंचायतीत पाणी तपासणीची पेटी कुठल्या कपाटात आहे, ते येत्या बैठकीच्या आधी विचारून या.